दिसणारे अक्षर आणि वाचले जाणारे अक्षर : डेस्कटॉप संगणकावरील सुगम्यता-साधनांची चिकित्सा

प्रस्तावना :

दिव्यांग व्यक्तींना संगणक वापरता यावा यासाठी विकसित झालेल्या साधनांविषयी जे परिचयपर लेखन होते, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. डाव्या रकान्यात अपंगत्वाचा प्रकार आणि उजव्या रकान्यात त्यावरचे साधन. अंधांसाठी स्क्रीन रीडर, अल्पदृष्टी व्यक्तींसाठी भिंग, अस्थिव्यंगांसाठी पडद्यावरील कळफलक, कर्णबधिरांसाठी ध्वनीऐवजी दृश्य संकेत. तक्ता पूर्ण झाला की प्रश्न सुटला, असा समज त्यातून नकळत तयार होतो. महाविद्यालयांत या समजाला प्रत्यक्ष रूप येते. ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात दोन संगणक मांडले जातात, त्यांवर एखादा स्क्रीन रीडर बसवला जातो, भिंतीवर फलक लागतो. नॅकच्या सुधारित चौकटीतील सातव्या निकषात स्क्रीन रीडिंग सॉफ्टवेअरविषयी थेट विचारणा आल्यापासून हा कोपरा अधिकच नेमाने दिसू लागला. तो असू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्या संगणकासमोर बसलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याने त्याच महाविद्यालयाचे मराठी वार्षिक, मराठी प्रश्नपत्रिका किंवा मराठी विभागाची टिपणे उघडली, तर त्याला काय ऐकू येते, हा प्रश्न तक्त्यात बसत नाही.

साधन स्वतःहून काही वाचत नाही. मजकूर लिहिणाऱ्याने त्यात जे ठेवले असेल तेवढेच ते वाचते. त्यामुळे सुगम्यता-साधनांची चिकित्सा केवळ साधनांपुरती ठेवली तर ती अपुरी राहते. साधन ज्यावर चालते तो मजकूर आणि तो घडवणारे हात यांचाही विचार करावा लागतो. मराठीच्या संदर्भात तर असे म्हणणे भाग आहे की, आजची अडचण बव्हंशी साधनांच्या अभावाची नाही. ती मराठी मजकूर टंकलिखित करण्याच्या रूढ पद्धतीची आहे, आणि ती पद्धत सर्वाधिक चिवटपणे टिकून आहे ती छापखान्यात व शिक्षणसंस्थांत.

पडद्याचे दोन थर :

संगणकाच्या इतिहासात दृष्टिहीनांच्या बाजूने पाहता एक विचित्र वळण आढळते. १९८०च्या दशकातील डॉस प्रणालीचा पडदा दिसायला रुक्ष होता. २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, याखेरीज त्यावर सहसा काही नसे. परंतु ही २,००० अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठवलेली असत. ती तेथून उचलून कृत्रिम आवाजाकडे सोपवणे तुलनेने सोपे होते. आयबीएमचा डॉससाठीचा स्क्रीन रीडर १९८६ मध्ये आला तो याच पायावर. पुढे चित्ररूप पडदा आला. खिडक्या आल्या, चिन्हे आली, माउस आला. डोळस वापरकर्त्याचे काम ज्यामुळे सोपे झाले, त्यामुळेच दृष्टिहीनाचे दार बंद झाले, कारण पडद्यामागे आता अक्षरे उरली नव्हती, ठिपके होते. १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्सच्या 'आउटस्पोकन'ने मॅकिन्टॉशवर आणि १९९५ पासून 'जॉज'ने विंडोजवर ही भिंत फोडली खरी, पण मार्ग आडवळणाचा होता. पडद्यावर काय रेखाटले जात आहे याचे आदेश मध्येच पकडायचे आणि त्यांवरून पडद्याची एक अदृश्य प्रतिकृती रचायची, असा तो खटाटोप होता. कार्यप्रणालीची आवृत्ती बदलली की प्रतिकृती ढासळे.

यावर जो उपाय निघाला तो तांत्रिकदृष्ट्या साधा आणि तत्त्वतः मूलगामी होता. पडद्यावरील प्रत्येक घटकाने स्वतःची ओळख सांगावी. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये 'ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी' या नावाने ही व्यवस्था आणली. मुक्त स्रोतांच्या जगात सन मायक्रोसिस्टिम्सच्या पुढाकाराने ग्नोम या डेस्कटॉपसाठी तशीच व्यवस्था उभी राहिली. या व्यवस्थेत बटण केवळ बटणासारखे दिसून भागत नाही. आपण बटण आहोत, आपले नाव 'जतन करा' आहे आणि या क्षणी आपण निष्क्रिय आहोत, ही माहिती त्याने दिसण्यापलीकडच्या एका थरात उपलब्ध करून द्यावी लागते. स्क्रीन रीडर हा दुसरा थर वाचतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने बटणावर सुरेख चित्र काढले आणि नाव द्यायचे राहून गेले, तर साधन 'बटण' एवढेच म्हणते आणि गप्प बसते. दोष साधनाचा नसतो. पण बोल त्यालाच लागतो.

साधनांच्या उपलब्धतेचा प्रश्न २००६ पर्यंत खरोखर बिकट होता. जॉजची किंमत अनेकदा संगणकाच्या किमतीच्या वर जात असे. त्या वर्षी मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने विंडोजसाठी एनव्हीडीए हा विनामूल्य व मुक्त स्रोत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. त्याच वर्षी ग्नोमच्या २.१६ या आवृत्तीबरोबर ऑर्का आला. पैशाअभावी साधन नाही, ही सबब तेव्हापासून पुष्कळशी निकालात निघाली. तथापि मुक्त साधने हवेवर जगत नाहीत. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतल्यानंतर ग्नोमच्या सुगम्यतेवरील मनुष्यबळ घटले आणि ऑर्कासारख्या साधनाचा भार मोजक्या व्यक्तींवर आला. पुढे लिनक्सच्या डेस्कटॉपची चित्रव्यवस्था एक्स-विंडोकडून वेलँडकडे सरकली. नव्या व्यवस्थेत सुरक्षेच्या कारणास्तव एका कार्यक्रमाला दुसऱ्याच्या कळा टिपता येत नाहीत. स्क्रीन रीडरचे आणि पडद्यावरील कळफलकाचे काम नेमके या टिपण्यावरच चालत असल्याने तेथे नवे तिढे निर्माण झाले. २०२३ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला १० लाख युरो दिले, त्यात सुगम्यतेच्या कामाचाही समावेश होता. अन्य सगळ्यांसाठी घर बांधून झाल्यावर मग उतार कोठे ठेवावा याचा विचार करायचा, ही वास्तुरचनेतील जुनी खोड संगणकशास्त्रानेही उचललेली दिसते.

मराठी अक्षराची गाठ :

चित्ररूप पडद्यामुळे इंग्रजी वाचकावर जे संकट आले, त्यावर दहा-पंधरा वर्षांत उपाय निघाला. मराठीत तेच संकट वेगळ्या वाटेने आले आणि अधिक काळ मुक्कामाला राहिले. ती वाट म्हणजे फॉन्ट.

एक साधा शब्द घ्यावा. 'मराठी' हा शब्द कृतिदेव या लोकप्रिय फॉन्टमध्ये टंकलिखित केला असता कागदावर व पडद्यावर 'मराठी' असाच उमटतो. फाइलमध्ये मात्र साठवली जातात ती ई, जे, के, बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे. फॉन्ट काय करतो, तर ई या अक्षराच्या जागी म चे चित्र दाखवतो, जे च्या जागी र चे, के च्या जागी काना. डोळ्याला चित्र पुरते. स्क्रीन रीडर प्रामाणिक असल्यामुळे तो आहे तेच वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर रोमन अक्षरांची निरर्थक बडबड येते. चाळीस पृष्ठांचा प्रबंध असला तर चाळीस पृष्ठे बडबड. त्यावर आवाज बदलून, गती कमी करून किंवा महागडे साधन विकत घेऊन काही उपयोग होत नाही, कारण त्या फाइलमध्ये मराठी नाहीच. मराठी दिसते, एवढेच.

गाठ एवढ्यावर संपत नाही. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, उच्चारली मात्र नंतर जाते. 'कि' म्हणताना जीभ आधी क कडे जाते, लेखणी आधी वेलांटीकडे. चित्राच्या तत्त्वावर बेतलेल्या फॉन्टमध्ये वेलांटीची कळ आधी आणि क ची नंतर दाबली जाते, व फाइलमध्येही तोच क्रम राहतो. रफाराचे उलटे आहे: उच्चार आधी, चित्र नंतर. अर्थात असा मजकूर केवळ भलत्या अक्षरांत नव्हे, तर भलत्या क्रमानेही साठलेला असतो. शिवाय प्रत्येक उत्पादकाने चित्रांची मांडणी आपापल्या सोयीने केलेली. कृतिदेवमधला मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये उघडला तर डोळस वाचकालाही तो वाचता येत नाही. दृष्टिहीन वाचक रोज ज्या अवस्थेत असतो, तिचा अनुभव डोळस प्राध्यापकाला फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताना अधूनमधून येतोच. फक्त तो त्यावर 'फॉन्ट पाठवा' एवढाच उपाय सांगून मोकळा होतो.

याहून खेदाची गोष्ट अशी की, योग्य विचार आधी झाला होता. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानात भारतीय लिप्यांसाठी उच्चारक्रमावर आधारलेली संकेतप्रणाली वापरली गेली. तिची इस्की ही संहिता १९८८ मध्ये सिद्ध झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. तिच्यात क हा क म्हणूनच साठतो, वेलांटी त्याच्या मागून येते आणि चित्र कसे काढायचे हे यंत्र पाहते. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी याच इस्कीवर आधारलेली आहे. म्हणजे अक्षर आणि त्याचे चित्र वेगळे ठेवण्याचे सूत्र देशी संशोधकांच्या हाती १९८०च्या दशकातच होते. १९९०च्या दशकात विंडोजवर अक्षरजुळणीचा व्यवसाय फोफावला तेव्हा मात्र त्या प्रणालीत देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याची सोय नव्हती, आणि बाजाराला छापील पान तातडीने हवे होते. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवणे हा झटपट तोडगा होता. तो त्या वेळी अपरिहार्य होता असे मान्य करता येईल. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडची सोय मंगल या फॉन्टसह प्रणालीतच आली. त्यानंतरची पाव शतकाची दिरंगाई त्या अपरिहार्यतेच्या खात्यावर घालता येत नाही. पेजमेकरसारख्या जुळणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी झेपत नव्हती, हे कारण छापखान्याचे होते. लेखकाकडून मजकूर मागवताना संपादकांनी तेच कारण आपले मानले आणि 'लेख अमुक फॉन्टमध्ये पाठवावा' ही ओळ नियतकालिकांच्या सूचनांत कायमची बसली.

परिणाम विपरीत झाला. मराठी मातृभाषा असलेल्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला इंग्रजी नियतकालिकातील लेख घरबसल्या स्वतः वाचता येतो. मराठी साहित्याची पदव्युत्तर पदवी घेताना मात्र त्याला प्रत्येक समीक्षालेखासाठी कोणाच्या तरी डोळ्यांची, आवाजाची आणि वेळेची याचना करावी लागते. मराठीतून शिकण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी ही विसंगती फारशी विचारात घेतलेली नाही.

युनिकोडनंतरचे प्रश्न :

युनिकोड स्वीकारले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. डोळ्याला समाधान वाटले की काम झाले, ही सवय फॉन्ट बदलला तरी हाताला राहते. 'दुःख' हा शब्द टंकलिखित करताना विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह देणे अतिशय रूढ आहे. डोळ्याला फरक जाणवत नाही. यंत्राच्या लेखी मात्र शब्द मध्येच तुटतो: आधी 'दु', मग विराम, मग 'ख'. शोध घेतला तर तो शब्द सापडत नाही, हा तोटा डोळस संशोधकाचाही आहे. ॲ या अक्षराची कथा अशीच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते प्रमाण वर्णमालेत आले. त्याआधीची पद्धत अ वर चंद्र जोडण्याची होती आणि ती अजून चालू आहे. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी लेखने आहेत.

आवाजाचा प्रश्न स्वतंत्र आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना आव्हान देणारा आहे. मराठी लिपी च आणि ज यांचे दोन उच्चार एकाच अक्षराने दाखवते. 'चार' मधला च तालव्य, 'चारा' मधला दंततालव्य. थोडेसे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' लिहिताना एकच, बोलताना दोन. मराठी माणूस संदर्भाने निवड करतो. यंत्राला त्यासाठी उच्चारकोश लागतो आणि तो मराठीच्या जाणकारांनीच तयार करावा लागतो. एनव्हीडीए व ऑर्का यांच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या मुक्त संश्लेषकात मराठीची सोय आहे. त्याचा आवाज यांत्रिक आहे, पण अतिवेगातही तो स्पष्ट राहतो, आणि सरावलेला दृष्टिहीन वाचक गोडव्यापेक्षा वेगाला अधिक किंमत देतो. डोळस परीक्षक पहिल्यांदा ऐकताच 'हा आवाज किती रुक्ष' असे म्हणून साधनच बाद करतात, तेव्हा ते ज्याच्यासाठी साधन आहे त्याची निकड बाजूला ठेवून स्वतःच्या कानाचा निकष लावत असतात. याउलट, संगणकात हिंदीचा आवाज आहे आणि लिपी एकच, म्हणून तोच मराठीसाठी चालवून घेणे हा खरा घात. 'ज्ञान' चे 'ग्यान' होते, सगळे च-ज तालव्य होतात, आणि श्रोता काही पानांतच थकतो.

येथे ब्रेलचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. शुद्धलेखन, विरामचिन्हे, कवितेतील ओळींची तोड या गोष्टी कानाने नीट कळत नाहीत, बोटांनी कळतात. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकत्रित भारती ब्रेल स्वीकारली गेली, आणि युनिकोड मराठीचे ब्रेलमध्ये रूपांतर मुक्त साधनांनी होऊ शकते. ब्रेल पट्टीची किंमत आजही बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे, हा भाग निराळा. युनिकोडच नसेल तर रूपांतराला काही आधारच उरत नाही.

दस्तऐवजाच्या रचनेतही दिसणे आणि असणे यांची हीच फारकत आढळते. मथळा ठळक व मोठ्या अक्षरांत केला की डोळ्याला तो मथळा वाटतो. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एकेक कळ दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जातो, जसा डोळस वाचक पाने चाळतो. परंतु त्यासाठी वर्ड किंवा लिबरऑफिसमधील मथळ्याची शैली वापरलेली असावी लागते. ती नसेल तर तीनशे पानांचा प्रबंध त्याला एका अखंड कीर्तनासारखा आरंभापासून ऐकावा लागतो.

शिफ्टची कळ :

सुगम्यतेची चर्चा दृष्टिहीनांपाशी थांबते, हा आक्षेप रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी सर्वांत मोठा गट, सुमारे ५४ लाखांचा, हालचालीच्या अपंगत्वाचा होता. त्यांच्यासाठीची डेस्कटॉप साधने वास्तविक जुनी व भक्कम आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रात १९८०च्या दशकात विकसित झालेल्या सोयी विंडोज ९५ मध्ये अंगभूत झाल्या आणि आजही प्रत्येक संगणकात आहेत. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' विषयी विचारणारी चौकट उघडते. बहुतेकांना ती अपघाताने भेटते आणि त्रासिकपणे बंद केली जाते.

या सोयीचा अर्थ असा की, दोन कळा एकाच वेळी दाबण्याऐवजी एकामागून एक दाबता येतात. एका हाताने, एका बोटाने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टंकलेखन करणाऱ्यास हे अत्यावश्यक असते. इंग्रजीत शिफ्टची गरज वाक्यारंभी व विशेषनामाला लागते. मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर मात्र स्थिती निराळी आहे. ख, घ, थ, ध, फ, भ ही बहुतेक महाप्राण अक्षरे, सर्व स्वतंत्र स्वर, शिवाय ण, ळ, श, ष हे सारे शिफ्टसह येतात. 'शाळा' या शब्दाच्या चार अक्षरकळांपैकी दोन शिफ्टच्या. 'आणि' या शब्दाच्या तीनपैकी दोन. म्हणजे मराठी लिहिणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीला ही सोय इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा लागते. इनस्क्रिप्टचे शिक्षण देणाऱ्या वर्गांतून हा मुद्दा सांगितला जाणे अगत्याचे आहे. हाताच्या कंपामुळे एकच अक्षर दोनदा उमटणाऱ्यांसाठी असलेल्या 'फिल्टर कीज'चेही तसेच. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की ती उपलब्ध होते, आणि संगणक कक्षाच्या प्रमुखाला ठाऊक नसल्याने ती कोणालाच उपलब्ध होत नाही.

केंब्रिजमध्ये डेव्हिड मॅके यांच्या गटाने तयार केलेला 'डॅशर' हा प्रयोगही येथे आठवतो. केवळ टोकदर्शकाच्या वा नजरेच्या हालचालीने, पुढे येऊ शकणाऱ्या अक्षरांच्या संभाव्यतेनुसार लेखन करण्याची ही कल्पना. संभाव्यता मोजायला त्या भाषेतील विपुल मजकूर लागतो, आणि मराठीतला विपुल मजकूर बडबडीच्या रूपात साठवलेला. एकच गाठ पुन्हा आडवी येते.

अन्य गटांविषयी :

अल्पदृष्टी व्यक्तींसाठी विंडोजचे भिंग व तीव्र रंगभेदाची योजना उपयुक्त आहेत. देवनागरीचा विशेष एवढाच की, अक्षराच्या डोक्यावर व पायाशी चिन्हे असतात आणि रोमन अक्षरांच्या उंचीने आखलेल्या चौकटीत आकार वाढवताच रफार किंवा उकार कापला जातो. 'रग' आणि 'रंग', 'वश' आणि 'वंश' यांतील फरक एका ठिपक्याचा. मोठे केलेले चित्र धूसर झाले की आधी तो ठिपका जातो.

कर्णबधिरांसाठी डेस्कटॉपची अंगभूत साधने दीर्घकाळ फारच तोकडी होती. इशाऱ्याचा आवाज झाला की पडदा चमकतो, यापलीकडे त्यांची मजल पूर्वी गेलीच नाही. त्यांची खरी गरज व्याख्यानाचा मजकूर अक्षररूपात मिळण्याची. त्यातही ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते, याचे भान ठेवावे लागते. अध्ययन अक्षमतेविषयी तर बोलायलाच नको. २०१६ च्या कायद्याने ती मान्य केली, तक्त्याच्या उजव्या रकान्यात मात्र तिच्यासमोर सहसा रेघ असते. ऐकत असतानाच शब्द पडद्यावर ठळक होत जाणे, हा तिच्यासाठी उपयोगी ठरणारा मार्ग पुन्हा युनिकोड मजकुरावरच अवलंबून आहे.

कायदा आणि महाविद्यालय :

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले आणि उच्च शिक्षणातील आरक्षण किमान ५ टक्के झाले. त्याच कायद्याचे ४२ वे कलम ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व आशय सुगम्य स्वरूपात असावा, असे सांगते. त्यानंतर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक निकष आखण्यास केंद्रास सांगितले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुगम्यतेचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला गेला. परीक्षेपुरते पाहिले तर केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतच ब्रेल, संगणक किंवा मोठ्या अक्षरांतील छपाई यांपैकी माध्यम निवडण्याची मुभा परीक्षार्थींना शक्यतो द्यावी, असे म्हटले होते. मराठी विषयाच्या परीक्षार्थीने संगणक निवडला आणि प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमधील वा छायाचित्ररूप पीडीएफमध्ये असली, तर ती मुभा कागदावर राहते, आणि लेखनिकावाचून गत्यंतर उरत नाही.

महाविद्यालयाच्या हाती असलेल्या गोष्टी खर्चिक नाहीत. लेख मागवताना युनिकोडची अट घालणे, छापखान्याला हवे ते रूपांतर छापखान्यानेच करावे असे ठरवणे, आणि छापील अंकाची मूळ युनिकोड फाइल जपून ठेवणे, एवढे संपादक मंडळाच्या एका बैठकीत होऊ शकते. अवघड आहे तो मागचा साठा. जुन्या फॉन्टमधील फाइल उपलब्ध असतील तर रूपांतरक साधने आहेत, परंतु मजकुरात मध्येच आलेला इंग्रजी शब्द आणि रोमन अक्षरांत दडलेला मराठी शब्द यांतील फरक त्यांना नेहमी ओळखता येत नाही. संदर्भसूचीतील इंग्रजी ग्रंथनामे अशा वेळी देवनागरी कडबोळे होऊन बाहेर पडतात. फाइलच नसेल आणि फक्त छापील अंक असेल तर स्कॅन करून अक्षर-ओळख करावी लागते. टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाईवर ते चांगले काम करते, फुटलेल्या खिळ्यांच्या जुन्या छपाईवर जोडाक्षरांत आणि अनुस्वारांत चुकते. स्वामित्वहक्काची अडचण येथे पुढे केली जाते, ती टिकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुगम्य प्रत तयार करण्यास कॉपीराइट कायद्यातच अपवाद दिला आहे, आणि याच उद्देशाच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता.

राहते ते मुद्रितशोधन. 'वश' की 'वंश', हे यंत्राला कळत नाही. ओळ वाचून ठरवावे लागते. हे काम संगणक विभागाचे नाही, मराठी विभागाचे आहे.